कंपनीबरोबर

सुदर्शनला अमेरिकेला जायचं पत्र मिळालं त्या दिवशी घरात पेढे आले, आणि पेढ्यांच्या पाठोपाठ आईचं काय करायचं हा प्रश्न आला. पेढे दोन दिवसांत संपले. प्रश्न दिवाळी उलटली तरी जेवणाच्या टेबलावर तसाच होता.

ही २००३ सालातली गोष्ट. हडपसरला तेव्हा उसाच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्या इमारतींत काम करणाऱ्या मुलांसाठी शेजारच्या शेतांत सोसायट्या. अशाच एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सुदर्शन, त्याची बायको प्रियदर्शनी आणि त्याची आई यमुनाबाई राहत. आता त्या दोघांनी जानेवारीत तीन वर्षांसाठी न्यू जर्सीला जायचं, फ्लॅट भाड्यानं द्यायचा, आणि यमुनाबाईंनी शनिवार पेठेत मुक्तावन्संकडे राहायला जायचं, असं ठरत होतं. मुक्तावन्सं म्हणजे यमुनाबाईंची थोरली नणंद. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, लग्नाच्या फंदात न पडलेल्या, दोन खोल्या आणि एका गॅलरीत सुखानं नांदणाऱ्या.

"दोघींना एकमेकींची सोबत होईल," सुदर्शन म्हणाला.

"छान होईल," वन्सं फोनवर म्हणाल्या.

"छानच," यमुनाबाई म्हणाल्या.

'छान' या एका शब्दात किती प्रकारची नाराजी मावते, हे पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं. पण सुदर्शन पडला संगणकवाला. जो शब्द ऐकला तो त्यानं तसाच घेतला आणि पुढच्या कामाला लागला.

"मी इथेच राहिले तर?" यमुनाबाईंनी एकदा विचारून पाहिलं.

"एकटी?" नवराबायको दोघंही एकदम म्हणाली. यमुनाबाईंनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत राहायचं म्हटलं असावं, तसं.

शंका यमुनाबाईंनाही होतीच. माहेरी अकरा माणसांचं घर. सासरी दोन खोल्यांत सात जण. नोकरी टेलिफोन खात्यात, परगावचे फोन हातानं जोडून द्यायच्या ट्रंक बोर्डावर. एका ओळीत वीस बायका, कानाला हेडफोन, कोपराला शेजारणीचं कोपर. बोर्ड बंद पडलं, घरोघरी थेट फोन लागायला लागले, खात्यानं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली ती त्यांनी घेतली. यजमान गेले तेव्हा सुदर्शन होता. म्हणजे एकोणसाठ वर्षांत एक दिवस आणि एक रात्र अशी नव्हती की यमुनाबाई आहेत आणि दुसरं कोणीच नाही. तेव्हा 'राहीन की एकटी' हे नुसतं बोलणं झालं. त्याला आधार काय?

खात्यात नवी लाईन द्यायच्या आधी ती टेस्ट करून बघायचे. यमुनाबाईंनी ठरवलं, आपणही आपल्याला टेस्ट करून बघावं. दहा दिवस, ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा ठिकाणी. जमलं तर या घरातून हलायचं नाही. नाही जमलं तर निमूटपणे वन्संच्या गॅलरीत आपली कुंडी नेऊन ठेवायची.

ठिकाण शोधावं लागलं नाही. चौऱ्याहत्तर साली सदाशिव पेठेतल्या एका आईनं पोर्ट ब्लेअरला कॉल बुक केला होता. मुलगा तिकडे नोकरीला. लाईन मद्रासहून पुढे लागायला दीड दिवस लागला, आणि लागली तेव्हा मुलाच्या आवाजामागे एकसारखं 'स्स्स हाऽऽ, स्स्स हाऽऽ' ऐकू येत होतं. "समुद्र ऐकू येतोय हो बाई!" ती आई यमुनाबाईंना म्हणाली होती. कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली तरी यमुनाबाईंनी तो कॉल तोडला नव्हता. त्या समुद्राकडे जायचं. नकाशात पाहिलं तर पोर्ट ब्लेअरच्या आसपास बेटांची नुसती रांगोळी सांडली होती. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोट जाते म्हणे, आपल्याकडे स्वारगेटहून हडपसरला बस जाते तशी. लक्ष्मी रोडवरच्या एका एजंटाकडे जाऊन त्यांनी चुपचाप तिकिटं काढली आणि एका सकाळी पोहे खाता खाता जाहीर केलं, "मी अंदमानला जाऊन येते म्हणते. दहा दिवस."

सुदर्शन लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. पुण्यातल्या कुठल्याही मुलानं विचारलं असतं तेच त्यानं विचारलं. "कंपनी चांगली आहे ना?"

त्याच्या मनात यात्रा कंपनी. पुण्याची माणसं हिमालयात काय आणि कन्याकुमारीला काय, जातात ती कंपनीबरोबर. डोक्यावर कंपनीची टोपी, पोटात कंपनीचं श्रीखंड. यमुनाबाईंच्या तोंडावर आलं होतं की कंपनीबिंपनी काही नाही, मी एकटीच निघालेय. पण प्रश्न पुन्हा एकदा नीट ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की याचं उत्तर खरंखुरं देता येईल.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर बघतेय."

"जुनी आहे का?"

"एकोणसाठ वर्षं झाली की."

"मग भरवशाची असणार. जेवणखाण?"

"अगदी घरच्यासारखं. आवडीनिवडी सांभाळतात."

"दगदग नाही ना जास्त?"

"छे. कंटाळा आला की थांबायचं, असं धोरण आहे."

"वा," सुदर्शन लॅपटॉपच्या कळा बडवत म्हणाला, "हे आवडलं."

प्रियदर्शनीनं मात्र चहाचा कप खाली ठेवून सासूकडे जरा रोखून पाहिलं. यमुनाबाईंनी तिला आणखी पोहे वाढले.

जायच्या दिवशी सुदर्शननं रिक्षा आणली. रिक्षातून स्टेशनाच्या दारात उतरवून हा जाईल, मग आपण आपली मद्रासची गाडी गाठू, असा त्यांचा हिशेब. पण पोरानं प्लॅटफॉर्मचं तिकीट काढलं. बॅग उचलली. आणि पहिल्याच प्लॅटफॉर्मवर चाळीसेक माणसांचा घोळका पिवळ्या टोप्या घालून एका फलकाखाली उभा होता. फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'यात्रा कंपनी'.

"ती बघ तुझी कंपनी!" सुदर्शन म्हणाला आणि बॅग घेऊन सुटलाच.

"अरे, थांब, ऐक तरी..."

घोळक्याच्या मधोमध गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस कागदावर खुणा करत होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आलात का काकू! किती उशीर! मी रामदास, तुमचा मॅनेजर. तुमच्या एकटीसाठी गाडी थांबणार आहे का आता?" आणि काही कळायच्या आत त्यानं यमुनाबाईंच्या डोक्यावर पिवळी टोपी ठेवली.

त्याचं एक माणूस यायचं राहिलं होतं, आणि यांचं एक माणूस उभं होतं. हिशेब जुळला.

"मी सुदर्शन शेवडे," सुदर्शननं आपलं कार्ड पुढे केलं. "आईकडे जरा लक्ष असू द्या. पहिल्यांदाच घराबाहेर चाललीय."

"निर्धास्त राहा साहेब. आमच्याकडे आई म्हणजे आमचीच आई."

"आणि हे काय, माकडटोप्या?" सुदर्शनची नजर शेजारच्या बायकांच्या पिशव्यांकडे गेली होती. "अंदमानला?"

"ज्याला थंडी वाजते त्यानं घालावी," यमुनाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुझा फोन वाजतोय बघ."

खरंच वाजत होता. अमेरिकेतलं कोणी तरी भल्या सकाळी उठून सुदर्शनची वाट पाहत होतं. आईच्या पाया पडून, एका कानाला फोन लावून, "येस, येस, गिव्ह मी टू मिनिट्स" करत तो निघाला. उदारीकरणाचे यमुनाबाईंवर तोवर फारसे उपकार नव्हते. हा पहिला.

तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी टोपी काढून रामदासला परत दिली. "हे बघा, मी तुमची नाही."

"असं कसं काकू?"

"तुम्ही कुठे चाललात?"

"वैष्णोदेवी, अमृतसर."

"मी अंदमानला."

रामदासनं कागद पाहिला, यमुनाबाईंना पाहिलं. "पण अंदमानला आमची टूर नाहीये या सीझनला. कुणाबरोबर चाललात मग?"

"माझ्याबरोबर."

रामदास अजून त्या उत्तराची फोड करत होता, तेवढ्यात त्याची खरी हरवलेली काकू धापा टाकत आली. यमुनाबाईंनी आपली बॅग उचलली आणि जिना चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेल्या.

पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर त्यांनी पहिला फोन केला, बाजारातल्या एका बूथवरून. फोनच्या पेटीत बिलाचे लाल आकडे पळत होते. विमानात बसून आल्याचा आनंद आवाजात मावत नव्हता.

"ग्रुप कसा आहे?" सुदर्शननं विचारलं.

"आटोपशीर आहे. सगळे वेळेवर तयार असतात."

"भांडणं वगैरे?"

"एकदा झालं. विमानात खिडकीतून खाली बघायचं की डोळे मिटून घ्यायचे यावरून. मिटलं लगेच."

"खोलीत जोडीदारीण कशी आहे?"

"बरी आहे. घोरत असावी असा माझा अंदाज आहे, पण मी झोपलेली असते."

फोन ठेवल्यावर त्या बूथबाहेर उभ्या राहून स्वतःशीच हसल्या. हसताना आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, म्हणून सवयीनं पाहिलंही. कोणी नव्हतं. मग आणखी थोडं हसल्या.

तिसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक बेटावर. तिथल्या किनाऱ्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. तीन नंबरचा, पाच नंबरचा, सात नंबरचा. यमुनाबाईंना हे फार सोयीचं वाटलं. पीएमटीच्या बसमध्ये सगळं आयुष्य गेलेल्या बाईला नंबर पुरतो. सात नंबरच्या किनाऱ्यावर त्या गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पांढरी वाळू, पिठीसारखी मऊ. मागे आभाळाला टेकलेली झाडं. आणि पाणी, ते हिरवं म्हणावं की निळं, हे सांगायला लक्ष्मी रोडवरचं एखादं साडीचं दुकानच लागलं असतं. परदेशी मुलंमुली जवळजवळ काहीच न घालता वाळूत पसरली होती. यमुनाबाईंनी नऊवारी नव्हे, पण पाचवारी साडी चांगली गुडघ्याएवढी खोचली आणि पाण्यात शिरल्या. कोणी 'अहो, जपून' म्हणालं नाही. कोणी 'आता पुरे' म्हणालं नाही. आपल्याला केव्हा पुरे होतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दोन तास पाण्यात होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मुद्दाम कान देऊन ऐकलं. लाट येत होती, जात होती. पण तो आवाज काही 'स्स्स हाऽऽ' नव्हता. पुष्कळ जाड आणि निवांत होता. म्हणजे चौऱ्याहत्तर साली त्या आईनं आणि त्यांनी डोळ्यांत पाणी आणून जे ऐकलं, ती निव्वळ लाईनची खरखर होती. तीस वर्षं जपलेली गोष्ट अशी फुकट गेल्याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण भिजलेल्या साडीत, ओल्या वाळूवर बसून, शहाळं पिताना माणसाला फार वाईट वाटत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी जेट्टीजवळच्या बूथवरून दुसरा फोन केला.

"आई," सुदर्शनचा आवाज करकरीत होता, "जम्मूहून त्या रामदासचा फोन आला होता. शर्ट धुवायला टाकताना त्याला माझं कार्ड सापडलं."

"बरा आहे ना? त्यांच्याकडे बर्फ पडलं का?"

"आई!"

यमुनाबाईंनी पेटीतल्या लाल आकड्यांकडे पाहिलं.

"तू माझ्याशी खोटं बोललीस."

"एक शब्द खोटा दाखव."

सुदर्शनचं कामच मुळी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचं. तो बहुधा पहिल्यापासून सगळं तपासत होता. "कंपनी जुनी आहे म्हणालीस."

"एकोणसाठ वर्षं म्हणाले. जन्मतारीख बघ माझी."

मागून प्रियदर्शनी फिसकन हसल्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

"हसू नकोस गं! आई, आत्या दोन दिवस नीट जेवलेली नाही. तुला काही झालं असतं म्हणजे? आता ऐक. माझ्या बॉसच्या मेव्हण्यांचे मित्र पोर्ट ब्लेअरला असतात. मी ओळख काढलीय. परवा त्यांचा माणूस हॅवलॉकला येईल आणि तुला घेऊन जाईल. तोपर्यंत तू हॉटेलवरून हलायचं नाहीस."

ओळख काढणं! पुण्याच्या माणसाला चंद्रावर सोडलं तरी तो तिथे आधी कुणाचा तरी साडू शोधून काढेल. यमुनाबाईंना लेकाचं कौतुकही वाटलं आणि रागही आला.

"परवा मी इथे नसणार. उद्या सकाळच्या बोटीनं नीलला चाललेय."

"कुठे?"

"नील. पुढचं बेट."

"आई, हे बघ, म्हणूनच आम्ही म्हणतो की तू एकटी..."

एकतीस वर्षांच्या नोकरीत यमुनाबाईंनी कुणाचा कॉल मध्येच तोडला नव्हता. आज पोटच्या पोराचा तोडला. रिसीव्हर ठेवला आणि बूथवाल्याला पैसे दिले.

नील बेटावर गेल्यावर पाहतात तो गावांची नावं रामनगर, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. इतक्या लांब येऊन शेवटी सगळं रामाचं कुटुंब शेजारीच राहायला. राहायची सोय मंडलबाई नावाच्या बंगाली बाईच्या बांबूच्या खोपटात झाली. तिनं विचारलं, "अकेला आया?"

"आया," यमुनाबाईंनी त्याच लिंगात उत्तर दिलं.

मंडलबाईंनी मान डोलावली, मच्छरदाणी दाखवली, विहीर दाखवली आणि निघून गेल्या. नवरा कुठे, मुलगा काय करतो, एकटी का, काही नाही. यमुनाबाई कितीतरी वेळ पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हवा बिघडली. आभाळ भरून आलं, लांबवर वादळ आहे म्हणाले, बोटी बंद झाल्या आणि गावातला फोनही मुका झाला. आता बॉसच्या मेव्हण्यांचे मित्र सोडाच, सुदर्शनला स्वतःला आई कुठे आहे हे कळायचा मार्ग उरला नाही. यमुनाबाईंनाही त्याला कळवायचा मार्ग उरला नाही. हवी होती ती टेस्ट सुरू झाली, आणि सुरू झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आतापर्यंत चाललं होतं ती नुसती गंमत होती.

मंगळवारी ऊन पडलं म्हणून त्या भरतपूरच्या किनाऱ्यावर गेल्या. पाणी खूप मागे गेलेलं. उघड्या पडलेल्या खडकांच्या डबक्यांत निळे मासे, काळे काटेरी गोळे, बोटभर तारे. चपला वाळूवर काढून, त्यांच्याशेजारी खूण म्हणून छत्री रोवून, त्या बघत बघत आत गेल्या. ओहोटी हा शब्द त्यांना भूगोलात येत होता. पण ज्या बाईनं आयुष्यभर खडकवासल्याच्या धरणाचं पाणी पाहिलं, तिच्या लेखी पाणी एकदा सोडलं की सोडलं. गेलेलं पाणी काही तासांत परत येतं, हे तिच्या अंगवळणी कसं असणार? मागे वळल्या तेव्हा मघाची वाट पाण्याखाली गेली होती. पाणी आधी घोट्याला, मग पोटऱ्यांना लागलं. खाली धारदार खडक. ओरडावं तर किनाऱ्यावर एक गाय.

"सावकाश," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "डावा पाय आधी. घाई नाही. चाचपून टाक." बोर्डावर नव्या मुलींना शिकवताना लावायच्या त्याच आवाजात. आणि स्वतःचं ऐकत, एकेक पाऊल टाकत, कमरेपर्यंत भिजून बाहेर आल्या. छत्री सापडली. चपला समुद्रानं नेल्या. अनवाणी, पायाला दोन ठिकाणी खरचटलेलं, अशा त्या मंडलबाईंकडे पोचल्या. बाईंनी हळद दिली आणि आपल्या सुनेच्या रबरी चपला दिल्या. जांभळ्या, वर फूल असलेल्या.

त्याचा यमुनाबाईंना अभिमानच वाटला. हे सांगायला छान आहे, असंही वाटलं.

न सांगण्यासारखं बुधवारी झालं. चार वाजले होते. तिकडे सूर्य लवकर मावळतो, चार म्हणजे जवळजवळ दिवेलागण. त्या लक्ष्मणपूरच्या वाळूवर बसल्या होत्या. ढगांच्या खालून एकाएकी ऊन आलं आणि सगळा समुद्र, अगदी टोकापर्यंत, तांब्याच्या नुकत्याच घासलेल्या परातीसारखा झाला. त्या पटकन डावीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, बघा!"

डावीकडे कोणी नव्हतं. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. यजमानांना निसर्गाची फारशी आवडही नव्हती. ते 'हं' म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालत. पण ते 'हं' तिथे नव्हतं. सुदर्शन नव्हता, वन्संही नव्हत्या. एवढा मोठा उजेड आणि तो बघायला एकच माणूस. यमुनाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. उद्या बोट मिळाली तर सरळ घरी जाऊ, वन्संकडे तर वन्संकडे, एक कोपरा पुरे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

शुक्रवारी बोट सुटली.

हडपसरच्या घरी परिषद भरली ती रविवारी सकाळी. मुक्तावन्सं शनिवार पेठेतून दोन बस बदलून आल्या होत्या. सुदर्शननं आईला स्टेशनवर मिठी मारली होती आणि त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तीन दिवस फोन लागत नसताना त्यानं कुणाकुणाला गाठलं याची हकिगत प्रियदर्शनीनं हळूच सांगितली. त्यात दोन खात्यांचे अधिकारी, एक निवृत्त ब्रिगेडियर आणि रामदास होता.

"चपला कसल्या घातल्यास गं या?" वन्संनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मंडलबाईंच्या सुनेच्या."

"शोभतायत. लग्नाला उभी राहशील."

"आत्या, चेष्टा पुरे," सुदर्शन म्हणाला. "आता तूच सांग हिला. दहा दिवस हिंडून येणं वेगळं. पण तीन वर्षं एकटं राहायचं म्हणजे खायचं काम आहे का?"

"मी सांगू?" वन्संनी चष्मा काढला. शाळेतल्या मुली या क्षणाला फार घाबरत. "सुदर्शन, मी तिकडे शनिवारात कुणाबरोबर राहते रे?"

"तू... म्हणजे, एकटीच."

"किती वर्षं?"

"असतील पंचवीसेक."

"एकोणतीस. आणि या एकोणतीस वर्षांत तुला कधी काळजी वाटली?"

"तुझं वेगळं आहे आत्या. तुला सवय आहे."

"सवय काय मला मंडईत मिळाली? पहिल्या दिवशी कुणालाच नसते."

"पण तूच म्हणालीस ना, आई आली तर छान होईल म्हणून?"

"म्हणाले. भावाची बायको घरी येणार म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?" वन्संनी चष्मा पुसायला घेतला. यमुनाबाईंकडे न बघता त्या म्हणाल्या, "यमुना, रागावू नकोस. तू लाख गुणाची आहेस. पण सकाळचा माझा चहा झाला की दहा वाजेपर्यंत मला माणसाचा आवाज चालत नाही. तुला सोबत हवी आहे म्हणून मी कपाटाचा एक खण रिकामा केला. रडत रडत केला."

"वन्सं!" यमुनाबाई सावरून बसल्या. "मला वाटलं, तुम्हाला वयोमानानं सोबत हवी झालीय. म्हणून मी छान म्हटलं."

"मी छान म्हटलं म्हणून तू छान म्हटलंस?"

"तुम्ही थोरल्या."

"शाब्बास," वन्सं म्हणाल्या. "या मुलानं आपल्या दोघींची एकाच दगडानं सोय लावली होती."

प्रियदर्शनी पोटभर हसली. सुदर्शन हसला नाही. तो आईसमोर येऊन बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मांडीवर लॅपटॉप नव्हता.

"आई, एक खरं सांग. शब्दांचे खेळ नकोत. तिथे तुला एकटं वाटलं नाही?"

वन्संनी मागून मान हलवून खूण केली, नाही म्हण. यमुनाबाईंना खूण दिसली. नाही म्हणणं सोपं होतं. घर राखायला तेवढा एक शब्द पुरला असता. पण हा मुलगा सरळ विचारत होता, आणि सरळ प्रश्नाला त्यांच्यापाशी एकच उत्तर होतं.

"वाटलं," त्या म्हणाल्या.

वन्संनी कपाळाला हात लावला.

"कधी?" सुदर्शननं विचारलं.

"बुधवारी. चार वाजता."

"मग?"

यमुनाबाईंनी आठवून पाहिलं. उजेड गेला होता. पाय थंड पडले होते. मग मंडलबाईंच्या चुलीचा धूर दिसला होता आणि चहाची तल्लफ आली होती. दुसरं काही सांगण्यासारखं घडलं नव्हतं.

"मग साडेचार वाजले," त्या म्हणाल्या.

सुदर्शन त्यांच्याकडे बघत राहिला. वन्संनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "असंच असतं. कधी कधी पाचही वाजतात."

तेवढ्यात सुदर्शनचा फोन वाजला. भाडेकरू आणणारा एजंट. आज संध्याकाळी एका कुटुंबाला फ्लॅट दाखवायचा होता, त्याची वेळ ठरवायची होती.

"नाही," सुदर्शन म्हणाला. "आता दाखवायचा नाहीये... हो, आम्ही जानेवारीत जातोय... नाही, बंद नाही ठेवणार. राहतंय माणूस."

एजंट पलीकडून काही तरी विचारत होता. सोसायटीचा नियम असावा, किती माणसं राहणार वगैरे. सुदर्शननं आईच्या पायांतल्या त्या जांभळ्या चपलांकडे पाहिलं, मग आईकडे.

"एक," तो म्हणाला. थोडं थांबला. "आमची आई."